‘नटसम्राट’ : रंगमंचीय शोकांतिका आणि तिचे चित्रपटीय रूपांतर

प्रास्ताविक :
वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ हे नाटक १९७० मध्ये रंगभूमीवर आले. गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती, पुरुषोत्तम दारव्हेकरांचे दिग्दर्शन आणि डॉ. श्रीराम लागूंचे अप्पासाहेब बेलवलकर यांमुळे ते मराठी रंगभूमीचा मानदंड ठरले. १९७४ मध्ये त्यास साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. महेश मांजरेकर दिग्दर्शित, नाना पाटेकर अभिनीत चित्रपट १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झाला. या माध्यमांतरात शोकात्मतेचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
‘किंग लिअर’ची छाया नाटकावर आहे, हे सर्वश्रुत आहे. परंतु लिअरला कॉर्डेलिया आहे. अप्पांच्या अपत्यांत ती नाही. तिची माया अप्पांना मिळते ती बूटपॉलिश करणाऱ्या राजाकडून. म्हणूनच ही केवळ कृतघ्न मुलांची कहाणी ठरत नाही. अप्पांचा शोकात्म दोष त्यांच्या नटपणातच आहे. रंगमंचावरून उतरल्यावरही ते भूमिकांच्याच भाषेत जगतात. सर्वस्व वाटून टाकणे हीदेखील त्यांची एक भव्य ‘एक्झिट’च असते. अशा माणसाला सामावून घेणे कोणत्याही मध्यमवर्गीय घराला अवघडच आहे.

चित्रपटात मात्र समीपदृश्ये आणि पार्श्वसंगीत यांमुळे सहानुभूती एकाच बाजूला झुकते. अप्पांचे अश्रू जवळून दिसतात. त्यांचा दोष दूर राहतो. शिवाय नाट्यगृहातील स्वगत प्रत्यक्ष समोर बसलेल्या प्रेक्षकाला उद्देशून असते. ज्या मायबाप रसिकांनी नटाला मोठे केले, तेच त्याचे बेघर होणे पाहत असतात आणि त्या अपराधात सहभागी होतात. पडद्यावर हा संबंध तुटतो. जळालेल्या नाट्यगृहाची योजना ही त्याची अर्थपूर्ण भरपाई आहे. तेथे रिकाम्या प्रेक्षागाराची अनुपस्थितीच बोलते.

चित्रपटाची खरी मिळकत म्हणजे विक्रम गोखले यांनी साकारलेले रामभाऊ. रुग्णालयात दोन वृद्ध नट कर्ण-कृष्णाचा प्रसंग उभा करतात, तेव्हा मृत्यूच्या दारातही त्यांना स्वतःचे दुःख उसन्या संवादांतूनच बोलता येते, हे प्रकर्षाने जाणवते. नाटकाचे मर्म चित्रपटाने येथे नेमके पकडले आहे.

समारोप :
हा प्रश्न अध्यापनाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. चुडाव्यासारख्या गावातील विद्यार्थ्याला व्यावसायिक नाटकाचा प्रयोग सहसा पाहता येत नाही. त्याचे ‘नटसम्राट’ पडद्यावरचेच असते. तेवढ्यावर थांबल्यास शोकांतिकेची बोधकथा होण्याचा धोका संभवतो. लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी आदींनी अप्पा निरनिराळ्या रीतीने साकारले. चित्रपटाने मात्र एकच रूप कायम केले. म्हणून वर्गात चित्रपट दाखवण्यापूर्वी संहितेचे प्रकट वाचन व्हावे. आपल्या गळ्यातून ती स्वगते काढताना विद्यार्थ्याला अप्पांच्या दुःखाइतकाच त्यांचा अहंकारही उमगेल.