कारंज्याच्या बाजारातलं 'टॅलेंट' कोणाच्या पगारपत्रकावर आहे?

पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये एक विषय हमखास दिसतो: व्यावसायिक पर्यावरण आणि टॅलेंट मॅनेजमेंट यांचा संस्थेच्या कामगिरीवर होणारा परिणाम. दोन चौकटींतून तिसऱ्या चौकटीकडे बाण, 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी प्रश्नावली, मग रिग्रेशन. मी मूळची विज्ञान शाखेची, त्यामुळे असा आराखडा पाहिला की माझा पहिला प्रश्न असतो: यात नेमकं बदलतंय काय?

हाच आराखडा आपल्या कारंजा लाडच्या बाजाराला लावून बघू. कृषी अर्थशास्त्राच्या पुस्तकांत कारंज्याचं नाव येतं ते 1886 साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाखाली सुरू झालेली देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ म्हणून. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. हे सगळं कशासाठी? तर मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस रास्त भावात मिळावा म्हणून. म्हणजे 'कामगिरी' मोजायची ती गिरणीच्या बाजूने की शेतकऱ्याच्या, हा प्रश्न इथे पहिल्या दिवसापासून आहे. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये त्यावर एक ओळ तरी आहे का?

आता पर्यावरण. समजा तुम्ही या एका बाजारातल्या दोनशे लोकांकडून फॉर्म भरून घेतले. पाऊस सगळ्यांना तोच, हमीभाव तोच, कायदा तोच. दोनशे जणांनी एकाच टाकीत हात घालून पाणी किती गरम आहे ते सांगावं, तसं हे. आकडे वेगवेगळे येतील, पण तो फरक हातांचा, पाण्याचा नाही. अशा माहितीवरून 'पर्यावरणाचा कामगिरीवर लक्षणीय परिणाम होतो' असा निष्कर्ष काढणं मला अजिबात पटत नाही. परिणाम नसतो असं नाही, उलट तो प्रचंड असतो. महाराष्ट्रात 1972 पासून सुमारे तीस वर्षं कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस घ्यायचा तो शासनाच्या वतीने पणन महासंघाने, खासगी व्यापाऱ्याने नाही. शेजारच्या राज्यात भाव चढा असला की माल तिकडे निघायचा. बाजारात आवक किती, हे तेव्हा कायदा आणि सीमेपलीकडचा भाव ठरवत होते. सचिवांनी कर्मचाऱ्यांना कितीही प्रशिक्षण दिलं असतं तरी त्यात फार फरक पडला नसता. हे दिसायचं तर काळाची तुलना हवी. एका महिन्यात भरलेल्या फॉर्ममध्ये ते येणार नाही.

टॅलेंटचा भाग मला जास्त रंजक वाटतो. बाजार समितीच्या पगारपत्रकावर सचिव, लेखापाल, लिपिक, चौकीदार. पण बाजार चालतो कोणामुळे? अडत्या, हमाल, मापारी यांच्यामुळे. हे परवानाधारक, अडत, हमाली, तोलाई यांवर जगणारे. आणि कापूस हातात घेऊन धागा ताणून बघणारा, ओलावा किती ते सांगणारा ग्रेडर असतो सीसीआयचा किंवा जिनिंगवाल्याचा. सीसीआयच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा साधारण 8 ते 12 टक्के. त्याच्या एका निर्णयावर अख्खी गाडी घेतली जाते किंवा परत जाते. कॉलिंग्ज आणि मेलाही यांनी 2009 च्या लेखात म्हटलंय की आधी कळीच्या जागा ओळखा, माणसं नंतर. लेख चांगला आहे, आवर्जून वाचा. पण त्यात गृहीत असं की ती कळीची जागा तुमच्याच संस्थेत आहे. इथे ती शेजारच्या संस्थेत आहे! 'आमची संस्था गुणवान कर्मचारी टिकवून ठेवते' हे विधान लिपिकासमोर ठेवून ग्रेडरबद्दल काय कळणार?

सगळ्यात कच्चा दुवा कामगिरीचा. समितीचं उत्पन्न घ्याल तर सेस मालाच्या किमतीवर टक्केवारीने लागतो. भाव वाढला की काही न करता 'कामगिरी' सुधारते. आणि ज्याने व्यवस्थापनाला गुण दिले त्यालाच कामगिरी विचाराल, तर हंगाम चांगला गेल्यावर तो दोन्हीकडे 'पूर्ण सहमत' म्हणणार. रोझेनझ्वाइग यांचं 2007 चं 'द हेलो इफेक्ट' याच रोगावर आहे. ह्युसेलिड यांचा 1995 चा अभ्यास सगळेच उद्धृत करतात. त्यात जवळपास हजार अमेरिकी कंपन्यांत एचआर पद्धती आणि नफ्याचा संबंध दिसला. पण गेस्ट आणि सहकाऱ्यांचा 2003 चा ब्रिटनमधला अभ्यास सिनॉप्सिसमध्ये क्वचितच दिसतो. त्यात 366 कंपन्या होत्या, आणि आधीच्या वर्षांचा नफा हिशेबात धरल्यावर नफ्याशी असलेला संबंध लक्षणीय राहिला नाही. कदाचित चांगल्या चालणाऱ्या कंपन्याच एचआरवर खर्च करत असतील. बाण उलटाही असू शकतो.

मग करायचं काय? कारंजा, मानोरा, मंगरुळपीर, मूर्तिजापूर असे लागून असलेले बाजार घ्या, चार-पाच हंगामांच्या नोंदी घ्या. कामगिरी म्हणून गाडी गेटवर आल्यापासून चुकारा हातात पडेपर्यंतचा वेळ मोजा, किंवा एकाच दिवशी सारख्या ओलाव्याच्या मालाला मिळालेल्या भावातला फरक. ग्रेडर, मापारी बदलला त्या तारखा टिपा. चार बाजारांवर रिग्रेशन होत नाही असं आरआरसीत कोणी म्हणेलच, आणि ते बरोबरही आहे. तेव्हा तुमच्याकडे बाजार चार असले तरी लिलावाचे दिवस शेकड्यांनी असतील, हे दाखवा. मात्र एकाच बाजारातले दिवस एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, त्याची सोय मॉडेलमध्ये आधीच करून जा.