उसन्या अंगठीचे लग्न

प्रणयरम्य विनोदी चित्रपटाकडे गांभीर्याने पाहण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. नॉर्मन ज्युइसन यांचा १९८७ सालचा 'मूनस्ट्रक' आम्ही अलीकडे पुन्हा पाहिला, तेव्हा पहिल्या वेळी आपण केवळ हसून मोकळे झालो होतो याची खंत वाटली.

ब्रुकलिनमधील इटालियन कॅथलिक कुटुंबातली लोरेटा ही सदतीस वर्षांची विधवा. दुकानदारांचे हिशेब लिहून पोट भरते. पहिला नवरा बसखाली सापडून गेला. ते लग्न सरकारी कचेरीत उरकले, रीतसर मागणी नाही की अंगठी नाही, म्हणून दैव कोपले अशी तिची पक्की समजूत. त्यामुळे जॉनी लग्नाचे विचारतो तेव्हा ती त्याला भर हॉटेलात गुडघे टेकायला लावते आणि त्याच्याच करंगळीतली अंगठी घालून घेते. जॉनीवर आपले प्रेम नाही, हे ती आईपाशी सरळ कबूल करते. तिला जोडीदार नको, विमा हवा आहे.

जॉनीचा दुरावलेला भाऊ रॉनी हा भटारी. पाव कापण्याच्या यंत्रात हात गेला, पाठोपाठ वाग्दत्त वधूही गेली. या दोन जखमींची गाठ पडते आणि विमा रद्द होतो.

पुढचा पापनिवेदनाचा प्रसंग मासलेवाईक आहे. लोरेटा मोठे पाप दोन किरकोळ पापांच्या मध्ये दडवून भराभर सांगते. धर्मगुरू नेमके मधलेच पुन्हा विचारतात आणि प्रायश्चित्त म्हणून दोन रोझऱ्या सांगतात. जाळीच्या अलीकडे बसण्याची सवय असलेल्यांना ही लबाडी अनोळखी वाटू नये! पटकथाकार जॉन पॅट्रिक शॅनली इथे संस्काराची थट्टा करीत नाहीत. थट्टा आहे ती आपल्या चतुराईची.

चंद्र मात्र गरजेपेक्षा अधिक वेळा उगवतो. जॉनीची सिसिलीतली मरणासन्न आई ऐनवेळी खडखडीत बरी होते, ही तर निव्वळ सोय. बिचाऱ्या जॉनीला लेखकाने हास्यास्पद करून सोडले, हेही आम्हाला रुचले नाही.

शेर आणि ऑलिंपिया डुकाकिस या दोघींनाही १९८८ साली ऑस्कर मिळाले. आमच्या मते दुसऱ्या संधीची खरी कथा डुकाकिस यांच्या रोझची, म्हणजे लोरेटाच्या आईची आहे. नवऱ्याचे बाहेर प्रकरण चालू असताना, एकटीने जेवायला गेलेल्या रोझला एक प्राध्यापक भेटतो, घरापर्यंत सोबत करतो; ती त्याला आत घेत नाही. आपण कोण आहोत हे तिला ठाऊक आहे. शेवटी न्याहारीच्या टेबलावर, सगळ्यांदेखत, ती नवऱ्याला त्या बाईला भेटणे बंद करायला सांगते. तो उठतो, टेबलावर एकदा हात आपटतो, पुन्हा खाली बसतो आणि होकार देतो. मग त्याने पापनिवेदनालाही जावे, असे ती सांगते.

त्याच टेबलापाशी रॉनी लोरेटाला मागणी घालतो. अंगठी जॉनीकडूनच उसनी घेतलेली, तीच करंगळीतली.