‘रुळणे’ आणि ‘जुळवून घेणे’ : बदलाचा कर्ता कोण?

‘पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न आपल्या परीक्षांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. ‘जुळवून घेणे’ हे क्रियापद आले, की विद्यार्थी ‘नव्या परिस्थितीशी जुळवून घ्यावे’ असे वाक्य लिहितो व त्यास पूर्ण गुण मिळतात. त्याच जागी ‘रुळणे’ किंवा ‘सरावणे’ आले तरी अर्थ म्हणून ‘जुळवून घेणे’ हाच पर्याय दिला जातो. ही क्रियापदे परस्परांचे पर्याय नाहीत, आणि त्यांतील भेद केवळ अर्थच्छटेचा नसून वाक्यरचनेचा आहे, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

प्रथम चार वाक्ये पाहावीत. (१) मुलगी सासरी रुळली. (२) मुलगी तिकडच्या उन्हाला सरावली. (३) मुलीने सासरच्या माणसांशी जुळवून घेतले. (४) पहाटे उठणे मुलीच्या अंगवळणी पडले. चारही वाक्यांत घडलेली घटना स्थूलमानाने एकच आहे. एक व्यक्ती नव्या स्थितीत स्थिरावली आहे. परंतु पहिल्या वाक्यात नवी स्थिती हे स्थळ आहे, दुसऱ्यात ‘ला’ प्रत्ययाने ती व्यक्तीसमोर उभी ठाकली आहे, तर तिसऱ्यात ‘शी’ प्रत्ययाने तिला दुसऱ्या पक्षाचे स्थान मिळाले आहे. चौथ्या वाक्यात तर सारीच उलटापालट आहे. तेथे कर्ता ‘उठणे’ हा असून मुलगी षष्ठीत गेली आहे. बदल आला आणि तिच्या अंगावर येऊन स्थिरावला. तिने काही केले असे वाक्य म्हणत नाही.

प्रयोगाच्या दृष्टीने पाहता हा भेद अधिक स्पष्ट होतो. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) मराठीत प्रयोगविचाराची चर्चा विस्ताराने होत आली आहे, तिचा उपयोग येथे करता येतो. ‘रुळली’, ‘सरावली’ ही रूपे कर्तरी प्रयोगातील असून कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालतात. ‘जुळवून घेतले’ हा भावे प्रयोग आहे. तिने, त्याने, त्यांनी, कोणीही जुळवून घेतले तरी क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनीच राहते. शिवाय ‘जुळवणे’ हे मुळात सकर्मक असूनही या वाक्यात कर्म येत नाही. कोणी जुळवले हे कळते. काय जुळवले, त्यासाठी काय मोडले वा सोडले, हे कळत नाही. या क्रियापदाचे सामर्थ्य आणि त्याचा धोका ही दोन्ही या रिकाम्या जागेत आहेत.

आज्ञार्थाची कसोटी लावून पाहिल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ‘जुळवून घे’ असे आपण सहज म्हणतो. ‘सासरी रुळ’ असे कोणी म्हणत नाही. ‘रुळशील हळूहळू’ असा भविष्यकाळी दिलासा मात्र देतो. ‘अंगवळणी पड’ हे तर अशक्यच. पण ‘अंगवळणी पाडून घे’ म्हणता येते. ‘पडणे’चे ‘पाडणे’ झाले आणि त्यास ‘घेणे’ जोडले, की जे आपसूक घडायचे ते कर्तव्य होऊन बसते. तात्पर्य, ‘घेणे’ हे सहायक क्रियापद बदलाची जबाबदारी कर्त्याच्या पदरात टाकते.

‘शी’ प्रत्यय एरवी परस्परसंबंध सुचवितो. ‘त्या दोघींचे जुळले’ या वाक्यात दोन्ही बाजू समान आहेत. ‘तिने सासूशी जुळवून घेतले’ म्हणताच श्रम एका बाजूस जातात आणि दुसरी बाजू अढळ राहते. म्हणूनच ‘जुळवून घे’ हा उपदेश बहुधा सुनेला, नव्या नोकराला, परगावाहून आलेल्याला, म्हणजे ज्याचे बळ कमी त्याला केला जातो.

याच कारणाने शास्त्रीय लेखनात हे क्रियापद जपून वापरले पाहिजे. ‘उंटाने वाळवंटाशी जुळवून घेतले’ हे वाक्य सुबोध वाटते, परंतु ते उंटाला इच्छा आणि प्रयत्न बहाल करते. डार्विनने १८५९ साली मांडलेल्या नैसर्गिक निवडीच्या विचारात एखादा प्राणी असा प्रयत्नाने बदलत नाही. उपयुक्त लक्षणे असलेले जीव अधिक संख्येने टिकतात व ती लक्षणे पुढील पिढ्यांत वाढतात. ‘अनुकूलन’ ही संज्ञा योजूनही वाक्य ‘जुळवून घेतले’ असे राहिले, तर संज्ञा शुद्ध आणि विचार अशुद्ध अशी स्थिती होते.

साहित्यसमीक्षेतही हा प्रश्न उपस्थित होतो. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. यमूच्या आत्मकथनरूपातील या कादंबरीविषयी लिहिताना ‘सासरी जुळवून घेणारी नायिका’ असे वर्णन सहज लेखणीतून उतरते. या वर्णनाने यमूवर लादलेले सारे तिच्या गुणाच्या खात्यावर जमा होते. उलट, कादंबरीच्या नावातही ‘घेणे’च आहे, पण तेथे त्याचा कर्ता ‘कोण’ हा आहे. घेण्याचे दायित्व नायिकेवर न टाकता ते नाव वाचणाऱ्यावर, पर्यायाने समाजावर टाकते. समीक्षकाने योजलेले क्रियापद कादंबरीच्या शीर्षकाच्या नेमके विरुद्ध दिशेने चालावे, ही गोष्ट उपेक्षणीय नाही.

याचा अर्थ ‘जुळवून घेणे’ त्याज्य आहे असा नव्हे. जेथे व्यक्ती जाणून, निवड करून स्वतःस बदलते, तेथे तेच क्रियापद यथार्थ होय. ‘रुळला’ म्हटल्याने तिच्या प्रयत्नावर अन्याय होईल. आग्रह एवढाच, की कोशात अशा क्रियापदांपुढे केवळ पर्यायशब्द न देता त्यांना लागणारा विभक्तिप्रत्यय, भूतकाळातील प्रयोग आणि आज्ञार्थाची शक्याशक्यता यांची नोंद असावी. परीक्षेतही एकाच प्रसंगावर ही चार वाक्ये करावयास सांगून प्रत्येकात कर्ता कोण, हे विचारावे. जो विद्यार्थी त्याचे उत्तर देऊ शकेल, तो पुढे ‘तिने जुळवून घेतले’ असे लिहिण्यापूर्वी, तिला तसे करावयास कोणी सांगितले होते, याचा शोध घेईल.