वीस मिलिमीटरचा घसा

इंजिनाची ताकद वाढवायची म्हटली की गॅरेजमधला सल्ला ठरलेला असतो: फिल्टर उडवून टाक, पाइप मोठा घाल, भरपूर हवा जाऊ दे. सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पाहिलेला इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाला हवा पोचवणारी नळ्यांची जोडणी, या सल्ल्याला सपशेल खोटं पाडतो. विद्यार्थ्यांनी तो कॉलेजांच्या फॉर्म्युला रेसिंग स्पर्धेतल्या गाडीसाठी बनवला आहे. इतकी विचारपूर्वक घडवलेली वस्तू मी फार कमी वेळा हातात घेतली आहे.

या स्पर्धेचा एक नियम मोठा कडक आहे. इंजिन 710 सीसीपर्यंत चालतं, पण पेट्रोलवर चालणार असेल तर आत जाणारी सगळी हवा 20 मिलिमीटर व्यासाच्या एकाच गोल छिद्रातून गेली पाहिजे. याला रिस्ट्रिक्टर म्हणतात. इथलं इंजिन चाकणला बनणाऱ्या केटीएम 390 चं आहे, 373 सीसी, एकच सिलिंडर. मूळ गाडीत त्याच्या थ्रॉटलचं तोंड 46 मिलिमीटरचं असतं. म्हणजे घसा निम्म्याहून अरुंद झाला आणि तरी गाडी जिंकायला हवी.

त्या अरुंद जागी हवेचा वेग ध्वनीइतका झाला की पुढे कितीही ओढलं तरी जास्त हवा येत नाही. समुद्रसपाटीला ही मर्यादा सेकंदाला सुमारे 74 ग्रॅम पडते. सांगली साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे ती 70 ग्रॅमच्या आसपास येते. साताऱ्याहून मेढ्यामार्गे महाबळेश्वर चढणारी गाडी वर गेल्यावर मलूल का होते, तेही यातच आलं. तिथे हवेचा दाबच सुमारे 15 टक्के कमी असतो.

आता गंमत बघा. 8000 आरपीएमला हे इंजिन सेकंदाला जेमतेम 27 ग्रॅम हवा मागतं. मर्यादा 70 ची, गरज 27 ची. मग ते गुदमरतं कशानं? कारण एकटा सिलिंडर हवा सलग पीत नाही. इनटेक व्हॉल्व्ह चक्राच्या साधारण एक तृतीयांश काळच उघडा असतो आणि सगळा घोट तेवढ्यात घ्यायचा असतो. त्या क्षणापुरती मागणी 80 च्या वर जाते आणि घसा आवळला जातो. उरलेला दोन तृतीयांश वेळ तोच घसा जवळजवळ रिकामा बसून असतो.

या कोड्याचं उत्तर म्हणजे मधली दोन-तीन लिटरची पोकळी, प्लेनम. व्हॉल्व्ह बंद असतानाही रिस्ट्रिक्टरमधून हवा येत राहते, इथे साठते आणि पुढच्या घोटाला हाताशी असते. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा तारेच्या एका छेडीला जसा लांबवर धरून ठेवतो, तसं काहीसं. ही पोकळी वाढवली की प्रवाह गुळगुळीत होतो, पण ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी उत्तर उशिरा देते. या पोरांनी मध्यम आकार निवडला आणि माझ्या मते तोच शहाणपणाचा आहे, कारण या स्पर्धेचा ट्रॅक वळणावळणांचा असतो.

सगळ्यात देखणा भाग घशाच्या पुढचा. आत येताना हवा पटकन निमुळती झालेली चालते. बाहेर पडताना मात्र तिला घाई खपत नाही. भिंत चार-सहा अंशांहून जास्त उघडली की प्रवाह भिंत सोडतो, भोवरे होतात आणि दाब परत मिळत नाही. म्हणून हा शंकू लांबलचक आहे. लेथवर काढलेला, आतून हाताला एकही ओरखडा लागत नाही.

प्लेनमपासून सिलिंडरपर्यंतची नळी, रनर, साधारण 30 सेंटिमीटरची. व्हॉल्व्ह बंद होताच दाबाची एक लाट उलटी फिरते, नळीच्या तोंडाशी आपटून परत येते. 8000 आरपीएमला व्हॉल्व्ह बंद असतो सेकंदाचा शंभरावा भाग. तेवढ्यात लाटेच्या पाच-सहा फेऱ्या होतात. व्हॉल्व्ह उघडताना लाट नेमकी दारात हजर असली तर थोडी जास्त हवा फुकटात आत ढकलली जाते. क्रायस्लरनं 1960 मध्ये लांबच लांब नळ्या घालून हीच युक्ती रस्त्यावरच्या गाड्यांत आणली होती.

एक दोष दिसला. रनर हेडला मिळतो तिथे आर्गन वेल्डिंगचा मणी आत डोकावतो, जेमतेम मिलिमीटरभर. इतक्या मेहनतीनंतर हवेला दारातच ठेच लागते. फाइल आणि पॉलिश पेपर घेऊन बसलं तर संध्याकाळभराचं काम आहे ते.

किर्लोस्करवाडीत 1910 मध्ये आणि साताऱ्यात धनजीशा कूपरांनी 1922 मध्ये कारखाने काढले, तेव्हापासून या दोन्ही जिल्ह्यांत लोखंड ओतणारे आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग ओळखणारे हात आहेत. अशी वस्तू इथल्या इथे घडते ती त्यांच्या जोरावर. पण स्पर्धा संपली की असे मॅनिफोल्ड बहुधा रॅकखाली पडतात आणि पुढे भंगारात जातात. कॉलेजांना एकच विनंती: यातला एक उभा कापून, मापं लिहून वर्कशॉपच्या भिंतीला लावा. पुढच्या बॅचला तो हातात घेऊन शिकू द्या.