पुनरावृत्तीचा आस्वाद : ‘फास्ट अँड फ्युरिअस’ मालिकेतील दहावा चित्रपट

‘फास्ट अँड फ्युरिअस’ या अमेरिकन चित्रपटमालिकेचा आरंभ २००१ साली झाला. मे २०२३ मध्ये प्रदर्शित झालेला ‘फास्ट एक्स’ हा तिच्या मुख्य धारेतील दहावा चित्रपट होय. मोटारींच्या शर्यती, पाठलाग, स्फोट आणि कुटुंबनिष्ठेची ग्वाही ही सामग्री प्रत्येक वेळी बहुतांशी तीच असते. नायक तरून जाणार हेही आधीच ठाऊक असते. असे असूनही प्रेक्षक पुनःपुन्हा या चित्रपटांकडे वळतो व तृप्त होऊन परततो. या तृप्तीस अभिरुचीचा अभाव असे नाव देऊन समीक्षेला मोकळे होता येणार नाही. कीर्तनातील आख्यान किंवा तमाशातील गणगौळण श्रोत्यास पूर्वपरिचितच असते. तेथे परिचय हा आस्वादाचा वैरी मानला जात नाही. म्हणून विचार करावयाचा तो पुनरावृत्तीतून आनंद कसा निपजतो आणि तो कोठे आटू लागतो, या दुहेरी प्रश्नाचा.

अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रेक्षकाच्या दृष्टीने पाहिले असता हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. वाहनाचे वजन म्हणजे काय, हे या प्रेक्षकास कोणी शिकवावे लागत नाही. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्था या शहरालगत आहे. चिलखती दलाचे केंद्र व रणगाड्यांचे संग्रहालय येथेच आहे. गाळपाच्या हंगामात उसाने लादलेल्या ट्रॉलीमागे तासभर रखडण्याचा अनुभव तर सार्वत्रिक आहे. अशा प्रेक्षकापुढे २०१३ सालच्या सहाव्या चित्रपटात एक रणगाडा महामार्गावर मोटारींच्या वेगाने धावतो, आणि नायक डॉमिनिक टोरेटो पुलावरील दोन मार्गांमधील पोकळी उडी मारून ओलांडतो व हवेतच लेटीला झेलतो. दहाव्या चित्रपटात तोच नायक आपल्या मुलाला शेजारी बसवून धरणाच्या उभ्या भिंतीवरून मोटार खाली उतरवितो. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाची दगडी भिंत ज्याने पायथ्याशी उभे राहून पाहिली आहे, त्यास हे अशक्य असल्याचे क्षणात कळते. तरीही तो टाळी वाजवितो. त्याच्या ज्ञानाने त्याच्या आनंदात उणेपणा येत नाही. उलट ते ज्ञान आहे म्हणूनच विस्मयाला आधार मिळतो.

न. चिं. केळकर यांनी वाङ्‌मयानंदाची उपपत्ती ‘सविकल्प समाधी’ या संज्ञेने मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, परंतु आपली भूमिका सर्वस्वी सोडीत नाही. एकाच वेळी दोन्हींचा अनुभव घेण्यात त्याचा आनंद असतो, असा तिचा आशय. ही उपपत्ती गंभीर वाङ्‌मयासाठी मांडली गेली असली, तरी प्रस्तुत चित्रपटांना ती चपखल लागू पडते. भिंतीवरून उतरणाऱ्या मोटारीत बसलेला आणि आपल्या खुर्चीत निर्धास्त असलेला, असे दोघेही एकाच प्रेक्षकात जागे असतात.

परंतु केवळ अशक्य कृत्यांच्या राशीतून दहा चित्रपट उभे राहत नाहीत. त्यासाठी व्यवस्था लागते. मालिका जसजशी लांबते तसतशी ती स्वतःचे व्याकरण घडविते आणि प्रेक्षक ते आत्मसात करतो. नवा चित्रपट हे त्या व्याकरणातील नवे वाक्य ठरते. ‘फास्ट एक्स’चा आरंभ या दृष्टीने अभ्यसनीय आहे. २०११ सालच्या पाचव्या चित्रपटात रिओ शहरातील एक अवजड तिजोरी मोटारींना बांधून रस्त्यांवरून फरफटत नेली होती. दिग्दर्शक लुई लेटेरिए तोच प्रसंग पुन्हा दाखवितात, पण त्यात मारल्या गेलेल्या खलनायकाचा मुलगा डांटे याला नव्याने बसवितात. जुन्या वाक्यात नवा कर्ता घातल्याने साऱ्या वाक्याचा अर्थ पालटतो : नायकाचा पराक्रम हा दुसऱ्या एका मुलाचा पितृवियोग होता. जेसन मोमोआ यांनी ही भूमिका ज्या खिदळत्या क्रौर्याने वठविली आहे, तिच्यामुळे चित्रपट दीर्घकाळ जिवंत राहतो. पुनरावृत्तीतून नवनिर्मिती होते ती अशी.

आता तिची मर्यादा. भाषेत अर्थ भेदावर उभा असतो. मराठीत ‘जग’ हे एकच लेखन दोन शब्दांचे आहे : ‘ज’ तालव्य उच्चारला तर विश्व, दंततालव्य उच्चारला तर जगण्याची आज्ञा. हा उच्चारभेद पुसला गेला, तर कान दोन्ही शब्दांत फरक करू शकणार नाही. या मालिकेत जीवन व मृत्यू यांतील भेद असाच पुसट होत गेला आहे. २००९ मध्ये मृत मानलेली लेटी २०१३ मध्ये परतली. २००६ मध्ये मेलेला हान २०२१ मध्ये परतला. सहाव्या चित्रपटात मरण पावलेली जिझेल दहाव्याच्या अखेरीस पाणबुडीतून बाहेर येते. परिणामी ‘फास्ट एक्स’मध्ये नायकाचा भाऊ जेकब आत्मबलिदान करतो तेव्हा प्रेक्षकाच्या मनात शोक उमटत नाही, ‘हा आता कोणत्या भागात परतणार?’ एवढाच प्रश्न उमटतो. ज्या प्रसंगातून करुणरस निर्माण व्हावयाचा, तेथे केवळ कुतूहल उरते.

विशेष हे, की या व्याकरणाला न जुमानणारा एक मृत्यू मालिकेच्या इतिहासातच आहे. ब्रायनची भूमिका करणारे पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी मोटार अपघातात मरण पावले. सातव्या चित्रपटातील त्यांचे अपुरे काम त्यांच्या भावांच्या व संगणकीय प्रतिमांच्या साहाय्याने पूर्ण करण्यात आले. कथेत ब्रायनला मारले नाही. चित्रपटाच्या अखेरीस दोन मित्रांच्या मोटारी काही काळ शेजारी धावतात, मग रस्त्याला फाटा फुटतो आणि पांढरी मोटार एका बाजूस निघून जाते. तेथे ना शर्यत आहे ना स्फोट. इतर सर्व प्रसंगी मोटार दुरावा तोडते; येथे ती दुरावा पत्करते. या एका भेदातून साऱ्या मालिकेत न मिळणारा अर्थ निर्माण होतो.

नायकाच्या मुलाचे नाव ब्रायन ठेवलेले आहे. म्हणून धरणाच्या भिंतीवरून मोटार उतरते तेव्हा, मूल वाचणार हे माहीत असूनही, त्या नावाचा उच्चार ऐकून प्रेक्षक क्षणभर गंभीर होतो. चित्रपट अर्ध्यावर थांबतो. पुढील भाग यावयाचा आहे. अशक्य ते घडविण्याची शक्ती मालिकेपाशी आहे, हे दहा वेळा सिद्ध झाले आहे. एखादी हानी भरून न काढता तशीच राहू देण्याचे धैर्य तिच्यापाशी आहे की नाही, यावर तिच्या पुढील आस्वादाचे भवितव्य अवलंबून आहे.