तळटिपेत आई बसत नाही

कायद्याच्या पोरांनी चालवलेल्या जर्नलवर भिवंडीचा माग कामगार काय लिहिणार, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. आमच्या कवितेवर प्राध्यापक लिहितात तेव्हा त्यांना कुणी विचारतं का, बाबा, तू कधी भाकरीवाचून झोपलास? मग मी का गप्प बसू? कायदा ज्यांच्या अंगावरून चालत जातो त्यांनी कायद्याच्या कागदावर बोलायचं नाही, हा नियम केला कुणी?

माझं गाव मुरबाड तालुक्यात. पोटासाठी भिवंडीत, मागावर बारा तासांची पाळी. जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर. माझा एक मित्र शहापूर तालुक्यातल्या कातकरी वाडीवरचा. आईबाप वीटभट्टीवर. भट्टीच्या राखेतून उठून हा पोरगा मुंबईच्या एका लॉ कॉलेजात गेला. पहिल्या वर्षी तो वर्गात तोंड उघडत नव्हता. तिसऱ्या वर्षी त्याने लेख लिहिला. इंग्रजीत, डिक्शनरी मांडीवर घेऊन. विषय बयाणा.

बयाणा म्हणजे काय ते आपल्यातल्या शहरी पोरांसाठी सांगतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा भट्टीच्या शेठचा माणूस वाडीवर येतो आणि आगाऊ पैसे टेकवतो. दिवाळी झाली की सगळं घरदार भट्टीवर. पोरंसोरं, म्हातारी, कोंबड्यासुद्धा. आठवड्याला मिळते ती खर्ची. मीठमिरचीपुरती. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. हजार विटांमागे दर किती, विटा पाडल्या किती, फुटल्या किती, खर्ची गेली किती, हे सगळं एका वहीत. वही शेठच्या पेटीत. शेवटी कानावर येतं ते एवढंच, ‘अजून फिटलं नाही.’ पुढच्या साली पुन्हा तीच भट्टी.

मित्राने हे लिहिलं आणि एका जर्नलकडे पाठवलं. जर्नलचं नाव देत नाही. भांडण एका जर्नलशी नाही, पद्धतीशी आहे. चालवणारी मंडळी विशीतली. काही अजून कॉलेजात, काही फोर्टात सॉलिसिटरच्या ऑफिसात उमेदवारी करणारी. लेख परत आला. समासात शेरे होते. मित्राने लिहिलं होतं, ‘हिशेबाची वही आम्हाला कधीच दाखवली जात नाही.’ खाली तळटीप दिली होती, ‘माझी आई, तोंडी.’ त्यापुढे शेरा, ‘आधार ग्राह्य नाही. प्रकाशित स्रोत द्या.’

मित्र माझ्या खोलीवर आला तेव्हा हसत होता. म्हणाला, ‘अरे, वही प्रकाशित असती तर लेख कशाला लिहिला असता?’

दोस्तांनो, या एका शेऱ्यावर मला बोलायचंय.

आधी न्यायाने बोलू. ही पोरं चोर नाहीत. विद्यार्थ्यांनी कायद्याचं जर्नल चालवायची रीत अमेरिकेतून आली. हार्वर्डच्या पोरांनी १८८७ साली ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ काढला. प्राध्यापकांचे लेख विद्यार्थी तपासतात, दुरुस्त करतात, नाकारतात, अशी ही उलटी शाळा. आपल्याकडे बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलचा रिव्ह्यू, कोलकात्याचा २००८ पासूनचा ‘एनयूजेएस लॉ रिव्ह्यू’, मुंबईत गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचा ‘लॉ रिव्ह्यू’, हे सगळे विद्यार्थ्यांच्याच हातचे. सॉलिसिटर व्हायचं तर बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा असते आणि त्याआधी तीन वर्षं सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी. दिवसभर साहेबाचे कागद वाहायचे आणि रात्री जर्नलच्या तळटिपा तपासायच्या. रात्रपाळी काय असते मला ठाऊक आहे. त्या कष्टाला मी हसणार नाही.

तळटिपेलाही हसणार नाही. मागावर नवीन पोराला पहिल्यांदा शिकवतात ते तुटलेला धागा जोडायला. गाठ दिसली नाही पाहिजे आणि सुटलीही नाही पाहिजे. तळटीप ही तशी गाठ आहे. तू म्हणतोस ते कुठून आलं, दाखव. यात वाईट काय? तलाठ्यापुढे आपला माणूस नुसता ‘जमीन आमची’ म्हणाला तर तलाठी मान वर करत नाही. फेरफाराचा नंबर सांगितला की उठून कपाट उघडतो.

आणि कायद्याच्या नियतकालिकाची पानं काय करू शकतात तेही आपण पाहिलंय. चंद्रपूरकडची मथुरा, आदिवासी पोर. १९७२ साली पोलीस ठाण्यात तिच्यावर बलात्कार झाला. सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. ते कायद्याच्या नियतकालिकात छापलं गेलं. देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला. म्हणजे त्या पानात दम आहे. म्हणूनच त्या पानावर कोण बसतं आणि कोण दाराबाहेर राहतं, हा आपला प्रश्न आहे.

आता त्या शेऱ्याकडे येतो.

वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा. त्याचं कलम १५ काय म्हणतं? मजुराने किंवा दक्षता समितीने म्हटलं, हे कर्ज वेठीचं आहे, तर ते तसं नाही हे शाबीत करायची जबाबदारी सावकारावर. मजुरावर नाही. कायदा करणाऱ्यांना एवढं कळलं होतं की वही शेठकडे असते. १९८३ साली बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट त्याच वाटेने पुढे गेलं. मजुराकडून सक्तीने काम घेतलं जातंय असं दिसलं, की त्यामागे उचल आहे असं कोर्ट धरून चालेल. नसेल तर मालकाने दाखवावं. आणि तो खटला उभा राहिला कशावर? फरिदाबादच्या दगडखाणीतल्या मजुरांबद्दलच्या एका पत्रावर. साध्या पत्रावर! देशातलं सर्वांत मोठं कोर्ट पत्राला याचिका मानतं आणि फोर्टातली उमेदवार पोरं आईच्या शब्दाला तळटीप मानत नाहीत.

इथं गोम आहे. कायदा म्हणतो पुरावा शेठने द्यावा. कायद्याचं जर्नल म्हणतं पुरावा कातकरणीने द्यावा. ज्या कायद्यावर लेख आहे त्या कायद्याच्या विरुद्ध नियम लावून लेख तपासला गेला, आणि संपादक मंडळात कुणाच्या ध्यानातही आलं नाही. याला मी दुष्टपणा म्हणणार नाही. याला मी सवय म्हणतो. दुष्टपणापेक्षा सवय चिवट असते.

ही सवय कशी लागते ते बघा. आईचं बोलणं जर्नलपर्यंत जाताना तीन चाळण्या लागतात. पहिली तालुक्याला. तिचं कातकरी बोलणं कारकून आपल्या मराठीत उतरवतो. १९९८ पासून खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे खरी, पण ती मराठी आईची नव्हे, दप्तराची. दुसरी चाळणी हायकोर्ट. तिथं घटनेच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजी. तिसरी जर्नल. ते हायकोर्टाच्या इंग्रजीवर इंग्रजीत लिहिणार. शेवटी चाळणीत काय राहतं? कलम राहतं, माणूस गळून जातो.

हेही झालं जे वर पोचतं त्याचं. शहापूरचा प्रांत बसतो भिवंडीला, मुरबाडचा कल्याणला. मजुराला सोडवायचा दाखला तिथून मिळायचा. मजूर तिथवर पोचलाच नाही तर दाखला नाही. दाखला नाही तर खटला नाही. खटला नाही तर निकाल नाही. निकाल नाही तर रिपोर्टरात छापून येत नाही. छापून आलं नाही तर ‘प्रकाशित स्रोत’ नाही. म्हणजे ज्याचा न्याय दारातच मेला त्याच्या मरणाची नोंदसुद्धा होणार नाही. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालांवर पानंच्या पानं लिहिणारं जर्नल असा कायदा बघतं, जसा मुंबईकर भातसा धरण बघतो. नळ सोडला, पाणी आलं. उन्हाळ्यात शहापूरची बाई हंडा घेऊन टँकरची वाट बघते ते नळातून दिसत नाही.

पोरं सांगतात, आम्ही लेखकाचं नाव झाकून लेख वाचतो, जात बघतच नाही. नाव झाकता, ठीक. इंग्रजी कसं झाकणार? मित्राच्या वाक्याचा सांधा तिसऱ्या ओळीत कळतो. मोठ्या लॉ स्कूलांच्या दारावरची क्लॅट परीक्षा २००८ पासून इंग्रजीतच आहे. त्या दारातून आत गेलेला संपादक झाला, की त्याला वाटतं भाषेला गंध नसतो. मंडळातलं नाव पुढे बायोडाटात लागतं, मोठ्या फर्मच्या नोकरीला उपयोगी पडतं. मग अंक कुणासाठी निघतो? वाचणाऱ्यासाठी की काढणाऱ्यासाठी?

आता दुसरं चित्र बघा. कायद्याचं शिक्षण अर्धवट राहिलेला एक तरुण. १९१६ साली ग्रेज इनमध्ये नाव घातलं, पण १९१७ साली परत यावं लागलं. बॅरिस्टर व्हायचा बाकी. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात नोकरी. ३१ जानेवारी १९२० रोजी तो पाक्षिक काढतो, ‘मूकनायक’. शाहू महाराजांनी अडीच हजार दिले. संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं, लेखणी बाबासाहेबांची. म्हणजे आपलं पहिलं मोठं पत्र कायद्याच्या एका उमेदवारानेच काढलं. आणि याच माणसाने त्याआधी, १९१६ साली, पंचविसाव्या वर्षी कोलंबियात जातीवर निबंध वाचला होता, जो १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’ या विद्वानांच्या नियतकालिकात छापून आला. एका हाताने विद्वानांना त्यांच्या रीतीने उत्तर, दुसऱ्या हाताने मुक्यांना त्यांच्या भाषेत पत्र. पुढे १९३५ साली हाच माणूस गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचा प्रिन्सिपल झाला. आजची जर्नलवाली पोरं एक हात वापरतात.

आणि आपण? आपणही एकच हात वापरतो, दुसरा. खरं बोलायचं तर बोलूच. आपल्या अंकात आग आहे, तारीख नाही. ‘व्यवस्था’, ‘प्रस्थापित’ हे शब्द पानोपानी. पण कुठल्या ऑफिसात, कुठल्या दिवशी, कुठल्या कलमाखाली काय नाकारलं, हे नसतं. माझ्या स्वतःच्या कवितांत भट्टी तीन वेळा आलीय. कलम १५ मला मित्राने सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. ॲट्रॉसिटी आपल्याला पाठ. २० मार्च २०१८ च्या निकालाने तो कायदा ढिला केला तेव्हा २ एप्रिलला आपण रस्त्यावर होतो, आणि कायदा परत उभा राहिला. पण वाडीवरच्या कातकऱ्याचा कायदा आपल्या अभ्यासवर्गात कधी आला? बुद्धविहारापासून वाडी किती लांब असते? माझ्या गावात ओढा ओलांडला की वाडी. तो ओढा आपणही ओलांडलेला नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जर्नलच्या पोरांनो, तुमचा नियम मोडू नका, वाढवा. तोंडी साक्ष कशी घ्यायची, तिचा दिवस, जागा, दुसऱ्या माणसाचा दुजोरा कसा नोंदायचा, याची रीत करा आणि तिला तळटिपेत जागा द्या. वर्षातले चार दिवस तालुक्याच्या कोर्टात बसा. शहापूरला जायचं तर आसनगावला उतरा, मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणहून एसटी आहे. आणि आपल्या पोरांनो, तुम्ही नकलेचा अर्ज करायला शिका. प्रांताकडे २००५ चा माहितीचा अधिकार लावा. दक्षता समितीची बैठक शेवटची कधी झाली, इतिवृत्त द्या. आलेलं उत्तर छापा. उत्तर आलं नाही तर तेही तारखेसकट छापा. एकदा छापलं की तो प्रकाशित स्रोत झाला!

मित्र लेख फाडणार होता. मी फाडू दिला नाही. रविवारी आम्ही त्याच्या वाडीवर गेलो. त्याच्या आईने पाच सालांचे हिशेब तोंडी सांगितले. कुठल्या साली किती बयाणा, कुठल्या भट्टीवर किती महिने, कुठल्या पोराच्या आजारात किती खर्ची वाढली. एकदाही अडखळली नाही. शेजारच्या दोन बायांनी तेच आकडे वेगवेगळे विचारल्यावर सांगितले. मी लिहून घेतलं, तिघींचे अंगठे घेतले, खाली तारीख टाकली. म्हातारी म्हणाली, ‘वही त्याच्याकडं हाय, पर ध्यान माझ्याकडं हाय.’

तो हिशेब पुढच्या अंकात येईल. मराठीत, तळटिपांसकट. पहिल्या तळटिपेत आई असेल.

जयभीम.