श्यामच्या आईचा ताप

डोहाळजेवणात मला 'श्यामची आई'च्या दोन प्रती मिळाल्या. बाळ झोपलं की वाचायच्या म्हणे! साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. या वेळी मला त्यात संस्कारांआधी तिचं दुखणं दिसलं. ताप, कर्ज, न संपणारं घरकाम. ती थकलीय हे गुरुजी लपवत नाहीत. आपणच घाईनं बोधाकडे पळतो. 'अर्धनारी नटेश्वर'मध्ये श्याम आजारी आईच्या कामाला हात लावतो. मग मुलग्यांना तळपायांना माती लागू नये म्हणून पदर पसरणारी आईच तेवढी का सांगायची? तरी खटकतंच. सगळी आई श्यामच्या तोंडून येते. तिची चिडचिड त्याला आठवली नसेल, की सांगावीशी वाटली नसेल?